वेळशीच्या बत्तीतली हाक

वेळशी बंदराच्या दीपगृहाचं काम मिळालं, हे सांगायला विजयश्री मुद्दाम बिदरहून खटकचिंचोळीला आली. फोनवर सांगून भागलं असतं, पण तिला वडिलांचा चेहरा बघायचा होता.

बुद्धरत्न यांनी सारी हयात दीपगृहांवर दिवा सांभाळण्याची नोकरी केली होती. सात किनारे झाले, त्यांतला पहिला वेळशीचा, कोकणातला. सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते गावी आले आणि चार एकरांत तूर-ज्वारी करू लागले. घरात समुद्राचा एक शंखसुद्धा त्यांनी आणला नव्हता.

विजयश्रीचं काम जुन्या इमारतींची मापं काढण्याचं. घुमट, बारव, किल्ल्यातली दालनं, जे जे ढासळायला आलंय त्याचं खरं माप कागदावर उतरवायचं. वेळशीची बत्ती बंद होऊन नऊ वर्षं झाली होती आणि आता तिथं संग्रहालय व्हायचं होतं. त्याआधी इंचाइंचाचा नकाशा हवा होता.

"अप्पा, तुमच्या बत्तीचं काम मला मिळालंय," ती म्हणाली.

बुद्धरत्न अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. हात थांबला. "कुठल्या?"

"वेळशीच्या."

हातातली शेंग त्यांनी न सोलताच सुपात टाकली. मग म्हणाले, "दुसरं काम न्हाई का मिळालं?"

"कामून? चांगली इमारत हाय म्हणतात."

"इमारत चांगलीच हाय. इमारतीला काय झालंय?" त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "जायलीस तर दोन गोष्टी ध्यानात ठेव. दिवसा वरच्या काचेच्या खोलीत शिरलीस की आधी पडदे ओढ. भिंगातनं ऊन आलं की कापड पेटतं. आणि..."

"आणि काय?"

"वर असताना खालनं कुणी हाक दिली, तर लगेच उतरू नको. कोण हाय ते आधी विचार."

एवढं बोलून ते उठले आणि गोठ्याकडे गेले. विजयश्रीची आई, सुभद्राबाई, चुलीपाशी बसून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "त्यांना जास्त विचारू नको बाई. लग्नाआधीपासनंच काहीतरी हाय. आडात वाकून कधी बघितलंय का त्यांनी? पोहरा सोडायचा तर मला बोलवायचे. मी एकदा गमतीनं आडात 'ओऽ' केलं, तर हा माणूस दोन दिवस जेवला न्हाई."

विजयश्रीला ते माहीत होतं. आड बुजवून घरी नळ आला, तेव्हा सगळ्यात जास्त सुटल्यासारखं अप्पांनाच झालं होतं. पण त्याचा आणि समुद्राचा संबंध तिनं कधी लावला नव्हता.

आठ दिवसांनी ती वेळशीला पोचली. बरोबर प्रियंका होती, कलबुर्गीची, तिच्याच कचेरीत दोन वर्षांपासून काम करणारी. खाडीच्या तोंडाशी खडकाचं एक नाक समुद्रात घुसलं होतं आणि त्याच्या टोकावर बत्ती उभी होती. गाव खाडीपलीकडे. येण्याजाण्याला एक तर होडी, नाहीतर चार मैलांचा वळसा.

विजयश्रीनं बिदरचे बुरूज पाहिले होते, बहमनी घुमट पाहिले होते. पण हे बांधकाम बघून ती थबकलीच. आठकोनी काळ्या दगडाचा मनोरा, जमिनीपासून काचेच्या खोलीपर्यंत ब्याऐंशी फूट. पायाशी भिंत पावणेसहा फूट जाड, वर जाता जाता तीन फुटांवर आलेली. बाहेरच्या थरातल्या प्रत्येक दगडाला एक जीभ काढलेली होती आणि ती शेजारच्या दगडाच्या खाचेत बसलेली. लाटेनं एक दगड ओढला तर आठ दगड त्याला धरून ठेवणार. दीडशे वर्षांत एकही सांधा हललेला नव्हता. दगडांच्या आतल्या अंगाला गवंड्यांच्या खुणा होत्या, कुठं मासा, कुठं त्रिशूळ, कुठं नुसत्या तीन रेघा.

बंदर कचेरीचा म्हातारा शिपाई किल्ल्या घेऊन आला होता. त्यानं इतिहास सांगितला. पूर्वी इथं पलीकडच्या कोटाच्या बुरजावर खोबरेल तेलाची पणती असायची, मोठ्या घमेल्याएवढी. कापसानं भरलेलं एक जहाज त्या पणतीला चांदणी समजलं आणि खडकावर फुटलं. तेव्हा गोऱ्या साहेबानं ही बत्ती बांधायला घेतली. पाच पावसाळे लागले. १८६७ साली दिवा लागला. तेलाचा दिवा गेला, रॉकेलचा आला, मग वीज आली, आणि आता हातातल्या फोनवर वाट दिसते म्हणून बत्तीची गरज संपली.

"आणि ही नळी कसली?" प्रियंकानं विचारलं.

मनोऱ्याच्या बरोबर मधोमध, तळापासून वरपर्यंत, दोन फूट रुंदीची दगडी नळी उभी होती. शहाण्णव पायऱ्यांचा जिना तिच्याभोवती वळत वर जाई. प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत रुतलेलं, दुसरं नळीत.

"वजनाची नळी," शिपाई म्हणाला. "वर भिंग फिरायला घड्याळासारखं यंत्र होतं. त्याला तारेनं साडेतीन क्विंटलचं लोखंडी वजन टांगलेलं. वजन नळीतून हळूहळू खाली यायचं, त्याच्या ओढीनं भिंग फिरायचं. तीन तासांनी वजन तळाला टेकलं की हातानं चावी मारून वर घ्यायचं. रात्रभर."

नळीच्या तळाशी वजन टेकायची लहानशी कोठडी होती आणि तिला एक बुटकी कमान. तिचं दार विटांनी बुजवलेलं होतं. बाकी सगळं दगडाचं आणि चुन्याचं. विटा आणि सिमेंट तेवढ्याच जागी.

"हे कधी बुजवलं?"

शिपायानं किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "माझ्या आधीची गोष्ट," तो म्हणाला. "तिथं काही नाही बघण्यासारखं." आणि संध्याकाळच्या होडीची वेळ सांगून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला विजयश्री एकटी वर होती. प्रियंका खाली जोत्याची मापं घेत होती. अप्पांनी सांगितलं तसं तिनं पडदे ओढले होते. तरी एका फटीतून ऊन आलं होतं आणि भिंगाच्या शेकडो काचांत समुद्र उलटा लटकत होता, पाणी वर, आभाळ खाली. पुरुषभर उंचीचं भिंग कधीपासून जागच्या जागी थांबलेलं होतं. त्याच्या बैठकीशेजारी नळीचं उघडं तोंड होतं, भोवती पितळी कठडा. ती कठड्याचं माप घेत होती.

नळीतून हाक आली.

"तम्माऽ..."

तिला वाटलं, प्रियंका. "आले, थांब," ती म्हणाली आणि टेप गुंडाळू लागली.

"तम्माऽ... या..."

टेप तिच्या हातातच राहिला. तिच्याकडं तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. प्रियंका तिला अक्का म्हणायची. आणि हा आवाज बाईचा नव्हता. जड होता, दमलेला. लांबून आलेला वाटत नव्हता; कठड्याला कुणी तोंड लावून बोलावं इतका जवळ होता. शेवटचा शब्द हवेत विरला नाही, नळीत गोल फिरत हळूहळू खाली बसला.

वडिलांचं बोलणं तिला आठवलं. कोण आहे ते विचारायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती जिन्याकडे धावली. शहाण्णव पायऱ्या उतरताना डावा हात नळीच्या दगडाला घासत होता. दगड गार होता, आणि मध्यावर कुठंतरी तिला वाटलं की आत काहीतरी हलतंय, लोखंड दगडाला घासल्यासारखं. ती थांबली नाही.

प्रियंका बाहेर सावलीत बसून वहीत आकडे लिहीत होती. "अक्का, काय झालं? तोंड पांढरं पडलंय."

"तू आत आली होतीस?"

"न्हाई. तासभर इथंच हाय."

विजयश्री शिकलेली बाई होती. दगडातून आवाज कसे चालतात ते तिला ठाऊक होतं. गोलघुमट असतात, कुजबुज पोचवणारी दालनं असतात. समुद्रावरून होडीतल्या कुणाचा आवाज आला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि खात्री करायची म्हणून प्रियंकाला कमानीपाशी उभं केलं. विटांत हवेसाठी मुठीएवढं भोक ठेवलेलं होतं. "मी वर गेले की यातून काहीही ओरड. काय ओरडलीस ते मागून सांग."

पुन्हा वर जायला तिला धीर गोळा करावा लागला. वर पोचून तिनं कठड्याशी कान लावला. आवाज आला, पण फुटका. मग प्रियंकानं सांगितलं, ती "दोरी सोडा" म्हणाली होती. विजयश्रीला ऐकू आलं होतं, "ओई ओआ". चार वेळा केलं. म आणि न तेवढे गुंजत वर येत. ब, ड, द, र वाटेत गळून जात. शब्दाचं मांस पोचायचं, हाडं राहून जायची.

संध्याकाळच्या होडीनं ती कचेरीत गेली. दीपगृहाचा इतिहास लिहायला जुन्या नोंदवह्या बघायच्यात म्हटल्यावर शिपायानं एक पत्र्याची पेटी उघडून दिली. नोंदवह्या वर्षवार लावलेल्या होत्या. विटांचं दार कधीचं ते कळावं म्हणून ती पानं उलटत गेली आणि १९८८ च्या नोव्हेंबरपाशी थांबली. अक्षर ओळखीचं होतं. शाळेत असताना प्रत्येक महिन्याला याच अक्षरातलं पत्र घरी येई.

"वादळी वारा. दिवा रात्रभर व्यवस्थित. यंत्र व्यवस्थित." त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद: "मुख्य दिवेवाले श्री. अमृतप्पा, राहणार आळंद, पहाटे जिन्यावरून पाय घसरून पडल्याने मयत." आणि महिन्याभरानंतर एक ओळ: "वजनाच्या कोठडीचं दार बुजवलं."

जिन्यावरून पडलेल्या माणसासाठी वजनाची कोठडी कामून बुजवावी? तिनं पानाचा फोटो काढला. त्या रात्री ती आणि प्रियंका गावातल्या लॉजवर दिवा न विझवता झोपल्या.

चार दिवसांत काम उरकून ती थेट खटकचिंचोळीला आली. बुद्धरत्न तुरीच्या राशीपाशी बसले होते. तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"अप्पा, तुम्हाला तम्मा कोण म्हणायचं?"

त्यांनी मान वर केली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं न्हाई. ऐकलं."

"नळीतनं?"

"व्हय."

बुद्धरत्न यांनी हातातली तूर राशीत सोडली. "मला वाटायचं माझ्याच डोक्यात हाय," ते म्हणाले. "म्हणजे तो तिथंच हाय अजून."

मग त्यांनी सांगितलं. सुभद्राबाईही येऊन बसली. इतक्या वर्षांत तिनंही हे ऐकलेलं नव्हतं.

बुद्धरत्न वेळशीला रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. अमृतप्पा तिथं मुख्य दिवेवाले. आळंदचे, लिंगायत, त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. त्या किनाऱ्यावर आपल्याकडचं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. अमृतप्पा त्यांना तम्मा म्हणायचे, हे त्यांना अण्णा.

"कार्तिकातलं वादळ होतं," बुद्धरत्न म्हणाले. "तिसरा माणूस रजेवर. सोळा होड्या बाहेर होत्या. दहाच्या सुमाराला भिंग थांबलं. वजन नळीत मधीच अडकलं होतं. अण्णा म्हणला, तू वर हातानं भिंग फिरव, मी खालनं बघतो. वेळशीची बत्ती पंधरा सेकंदाला एक झोत टाकायची. उत्तरंला दुसरं बंदर हाय, तिथं स्थिर दिवा. आपलं भिंग थांबलं तर होड्यांना वाटणार ते बंदर आलं, आणि वळणार नेमक्या खडकावर. म्हणून मी फिरवायलो. अण्णा कोठडीत शिरला, काठीनं वजन ढोसायला. आणि तार तुटली."

तो आवाज कसा होता ते त्यांनी सांगितलं नाही.

"तार बदला म्हणून आम्ही दोनदा लिहिलं होतं. आली न्हाई. अण्णाचे पाय सापडले वजनाखाली. मी वरनं वरडलो. त्यानं वरडून सांगितलं. पर त्या नळीतनं शब्द कुठं पोचतोय? 'तम्मा' तेवढं कळायचं, आणि मागनं 'या'. तम्मा, या. तम्मा, या."

"मग तुम्ही?"

"दोनदा जिन्यापर्यंत गेलो. एकदा बत्तीस पायऱ्या उतरलो. तिथं खिडकी हाय बारकी. खिडकीतनं एका होडीचा कंदील दिसला, तोंडाशी आलेला. वर दिवा नुसता उभा. मी पळत माघारी गेलो आणि भिंगाला हात घातला." ते हातांकडे बघत होते. "साडेतीन क्विंटल मला एकट्याला उचललं नसतं. हे मी रोज म्हणतो. पर हात तरी धरला असता. तो बोलवायला होता, विजे. ज्यानं मला कधी अहोजाहो केलं न्हाई, तो मला 'या' म्हणायला होता. किती भीक मागायला असंल, तवा माणूस धाकट्याला 'या' म्हणतो."

चार वाजेपर्यंत हाक येत होती. मग थांबली. उजाडेपर्यंत सोळाच्या सोळा होड्या खाडीत आल्या. तेव्हा ते खाली उतरले. अमृतप्पांचं अंग अजून कोमट होतं.

सकाळी बंदराचा साहेब आला. तार तुटली असं लिहिलं तर चौकशी बसेल, घरच्यांना वर्षानुवर्षं हेलपाटे पडतील, तुझीही नोकरी जाईल, असं तो म्हणाला. जिन्यावरून पडले लिही. बुद्धरत्न यांनी लिहिलं. जीपमधून देह आळंदला नेला तेव्हा अमृतप्पांच्या बायकोनं, ईरम्मानं, विचारलं, कसं झालं? त्यांनी तिलाही तेच सांगितलं. तेव्हापासून आळंदवरून जाणारी एसटी ते टाळत आले. उमरग्याहून कलबुर्गीला जायचं तरी हुमनाबादचा वळसा.

विजयश्रीनं आता कुठं पिशवी खाली ठेवली. वडिलांचा राग यावा की त्यांना जवळ घ्यावं, हे तिला कळत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "त्यांच्या घरी जायला पाहिजे."

"आता? छत्तीस वर्षांनी काय तोंडानं जाऊ?"

"हेच तोंड हाय. दुसरं कुठनं आणणार?"

भालकी, बसवकल्याण करत ते दोघं आळंदला पोचले. अमृतप्पांच्या मुलाचं, गुरुशांतप्पाचं, बाजारात तुरीच्या आडतीचं दुकान होतं आणि मागंच घर. ईरम्मा ओसरीवर सुपात डाळ निवडत बसली होती. बहात्तर वर्षांची बाई, नजर अधू. बुद्धरत्न यांनी नाव सांगितलं तशी तिनं आवाजाच्या दिशेला मान वळवली.

"बत्तीवरचे? त्यांना घेऊन आलेले?"

"व्हय, वैनी."

"इतक्या वर्षांनी वाट सापडली व्हय?"

बुद्धरत्न खाली जमिनीवरच बसले. बोलताना त्यांनी स्वतःला कुठंही वाचवलं नाही. तार, वजन, भिंग, बत्तीस पायऱ्या, साहेब, नोंदवही. मधेच गुरुशांतप्पा दुकानातून आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. सगळं ऐकल्यावर तो इतका हळू बोलला की विजयश्रीला भीती वाटली.

"लोकांनी काय म्हटलं माहीत हाय का तुम्हाला? वीस वर्षं चढल्या-उतरल्या जिन्यावरनं माणूस पडतो कसा? पिऊन असणार. गळ्यात लिंग बांधलेल्या माझ्या बापाला दारुडा म्हटलं ह्या गावानं. माझ्या बहिणीची, शिवकन्याची, ठरलेली सोयरीक त्यापायी मोडली. शाळेत पोरं मला झिंगल्यागत चालून दाखवायची. आणि तुम्ही तिकडं पगार उचलायला होता."

"व्हय," बुद्धरत्न म्हणाले.

"उठा. निघा इथनं."

"थांब रे," ईरम्मा म्हणाली. ती बुद्धरत्न यांच्याकडे सरकली. "किती वेळ जिता होता?"

"चारपर्यंत."

"काय म्हणायले होते?"

"वैनी, नका विचारू."

"बायको हाय मी त्यांची. सांगा. जसं ऐकलं तसं वरडून सांगा."

बुद्धरत्न यांनी डोळे मिटले. त्या आवाजाला त्यांनी कधी स्वतःचं तोंड दिलं नव्हतं. त्यांनी दिलं. "तम्माऽ... या..." अंगावर काटा यावा असा तो आवाज होता, कारण तो त्यांचा नव्हता. वेळशीला जो ऐकला तोच, तसाच जड आणि दमलेला. विजयश्रीनं नकळत कानांवर हात नेले. घरातली बाकीची माणसंही बाहेर येऊन उभी राहिली.

ईरम्माच्या हातातलं सूप कलंडलं. ती कितीतरी वेळ डोलत राहिली. मग म्हणाली, "माझ्याशी ते कानडीतच बोलायचे. आईशी कानडी, पोरांशी कानडी. तुमच्याशी मराठी बोलायचे ते तुमच्यासाठी. पर दुखण्यात माणूस परक्याच्या बोलीत वरडतो व्हय?"

कुणालाच कळेना. तिनं स्वतःच्या तोंडाशी हात धरला, नळीसारखा, आणि म्हणाली, "तम्मा, ब्याड. बरब्याड, तम्मा."

नको. येऊ नको.

विजयश्रीला वेळशीचा प्रयोग आठवला. ब गळतो, ड गळतो. उरतं ते "या". तिनं वडिलांकडे पाहिलं. त्यांना कानडी येत नव्हतं असं नाही. बाजारात, कचेरीत ते रोज बोलत. पण त्या रात्रीचा शब्द त्यांनी कायम एकाच भाषेत ऐकला होता.

"हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणायलाव, वैनी," बुद्धरत्न म्हणाले.

"तुम्हाला बरं वाटावं असं मला काय पडलंय?" ईरम्मा म्हणाली. "तुम्ही खोटं बोललात माझ्या दारात, मयताच्या उशाला. ते मी विसरणार न्हाई. पर माझा माणूस कसा होता ते मला ठावं हाय. आता जा."

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले होते. बाहेर तुरीची कापलेली रानं मागं जात होती. विजयश्रीनं भीत भीत विचारलं, "अप्पा, अजून येतो का आवाज?"

"येतो की," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुढं म्हणाले, "पर आज कानडीत आला."

ते सुटले असं तिला वाटलं नाही. ज्यानं बोलावलं आणि आपण गेलो नाही, तो एक भार होता. ज्यानं पाय चिरडलेले असताना आपल्याला वरच राहा म्हणून सांगितलं, आणि ज्याच्या नावाला आपण दारूचा डाग लागू दिला, तो भार कदाचित जास्तच होता. बुद्धरत्न त्या आठवड्यात फार थोडं जेवले.

सातव्या दिवशी गुरुशांतप्पाचा फोन आला. त्यानं नमस्कारही केला नाही. "घरात बसून सांगितलेलं आमच्या काय कामाचं? ज्यांनी म्हटलं त्यांच्यापुढं सांगा. परवा बाजार हाय. येणार का?"

"येतो," बुद्धरत्न म्हणाले.

बाजाराच्या दिवशी आळंदला नव्या तुरीची आवक जोरात होती. गाड्या, पोती, हमाल, लिलावाचा पुकारा. विजयश्री सोबत होती. गुरुशांतप्पानं दुकानापुढं काही म्हाताऱ्या माणसांना बोलावून बसवलं होतं; बाकीचे आपोआप जमले. त्यानं बुद्धरत्न यांना खुर्ची दिली नाही. ते उभ्यानं बोलले, आधी मराठीत, मग कानडीत. विजयश्रीनं छापून आणलेला नोंदवहीचा फोटो त्यांनी वर धरला. "हे अक्षर माझं. हे खोटं हाय. अमृतप्पा पिलेले नव्हते. ते कधीच प्याले न्हाईत. ते तुटक्या तारेचं वजन अंगावर घेऊन मेले, आणि मी ते लपवलं."

कुणी खाली बघत होतं, कुणी मोबाइलवर चित्रण करत होतं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. एक जण म्हणाला, "आता सांगून काय फायदा?" आणि उठून लिलावाकडे गेला. नवी माणसं येत तसं बुद्धरत्न पुन्हा पहिल्यापासून सांगत. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचा घसा बसला. गुरुशांतप्पा सगळा वेळ हाताची घडी घालून उभा होता. शेवटी त्यानंच आतून पाण्याचा तांब्या आणला, त्यांच्यापाशी ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

गर्दी पांगल्यावर पोत्यांच्या थप्पीमागून एक बाई पुढं आली. पन्नाशीची, उमरग्याहून पहाटेच्या गाडीनं आलेली. "मी शिवकन्या," ती म्हणाली. बुद्धरत्न यांनी मान खाली घातली. सोयरीक मोडली ती हिचीच.

"मरणाचं ऐकलं तीनदा," ती म्हणाली. "मी सोळा वर्षांची होते. वर्षात महिनाभर घरी यायचे ते. बाकीचे अकरा महिने तिथं काय करायचे, काय खायचे, कुणाशी बोलायचे, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच न्हाई. तुम्ही सहा वर्षं बघितलंय त्यांना."

बुद्धरत्न यांनी पाण्याचा घोट घेतला. आवाज अजून घोगरा होता.

"मी रुजू झालो त्या दिवशी ते भाकरी थापायले होते," ते म्हणाले. "सगळा किनारा भात खाणारा. हे आळंदहून ज्वारीचं पोतं आणायचे, एसटीच्या टपावर टाकून. मला बसवलं आणि आपल्या ताटातली भाकर मोडून दिली. मी म्हणलो, अण्णा, आधी मी कोण ते ऐकून घ्या, माझं नाव बुद्धरत्न. तर म्हणले, हितं समुद्राच्या काठाला भाकर खाणारे आपण दोघंच, जात कसली काढतोस? जेव."

शिवकन्यानं तुरीच्या एका पोत्यावर बैठक मारली. "संग काय असायचं?" तिनं विचारलं. "भाकरीसंग?"

"शेंगदाण्याची चटणी," बुद्धरत्न म्हणाले, "वैनीच्या हातची. महिनाभर पुरवून पुरवून खायचे."